चहाआधीचा अर्धा तास

वसुधा राजुरकर एप्रिलमध्ये शाल पांघरते, यावरून आम्ही तिची फार चेष्टा केली. चंदीगडच्या एप्रिलमध्ये दुपारी अंगणातला नळ उघडला की चटका बसतो. आणि ही बाई मूळची अकोल्याची, जिथे मे महिन्यात कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत. "अकोल्याची असून थंडी वाजते तुला!" असं कुणी म्हटलं की ती शाल आणखी आवळून घ्यायची आणि म्हणायची, "वाजून राहिली तर काय करू बापा?"

तिचे जयंतराव आणि माझे यजमान अच्युत एकाच सरकारी विमा कंपनीत. दोघांच्या बदल्या होत होत शेवटी इथे चंदीगडला समोरासमोरची क्वार्टर्स मिळाली, तिसऱ्या मजल्यावर. मी एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते, ती घर सांभाळते. तिची मोठी मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, आणि धाकटा अंशुमन गुरुग्रामला नोकरीला. वसुधा कधीच चपळ नव्हती, पण त्या हिवाळ्यात ती जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली. आवाज घोगरा झाला. भाजीत मीठ घातलं की नाही हे विसरायची आणि दोनदा घालायची. आम्हाला वाटलं, मुलाच्या आजारपणाने खचली असेल.

कारण मुलगा घरी आला होता. डिसेंबरात जयंतराव आणि ती गाडी घेऊन गुरुग्रामला गेले आणि अंशुमनला घेऊन आले. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. दार उघडं असलं की आतल्या खोलीचं बंद दार दिसायचं, एवढंच.

इथली मराठी मंडळी म्हणजे मूठभर, आणि त्यातली निम्मी मोठ्या सरकारी इस्पितळात डॉक्टर. त्यामुळे इथल्या मराठी बाईने आजार सांगताना फार विचार करून सांगावा. वसुधाने केला नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू स्मिताकडे होतं. स्मिता आमच्याच कॉलनीतली, इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, शिवाय तिच्याकडे लग्नाच्या मुलामुलींची सगळी माहिती तोंडपाठ. तिने तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारलं, "अंशुमन आलाय म्हणे? मग दिसत कसा नाही?"

"थायरॉईड निघालं त्याला," वसुधा म्हणाली. "थकवा असतो फार."

तिला वाटलं असेल, झालं, सुटले. थायरॉईड म्हणजे घरोघरी असलेलं, कुणी घाबरत नाही, कुणी खोदून विचारत नाही. पण कोपऱ्यात ऋता बसली होती. ऋता पुण्याची, आणि इस्पितळात नेमकी थायरॉईडचीच डॉक्टर. तिने वाटी खाली ठेवली.

"मुलांना या वयात कमी असतं. टीएसएच किती आलं?"

"ते... तिकडंच केलं ना. कागद तिकडंच राहिले."

"मग इथे करू. पाठवा त्याला माझ्याकडे."

त्या दिवसापासून वसुधाच्या मागे सगळं मंडळ लागलं. ऋता फोन करायची. हाडांचे डॉक्टर भेटले की विचारायचे, बालरोगतज्ज्ञ विचारायचे. स्मिता थायरॉईडवर गुण येतो म्हणून रोज सकाळी धण्याचं पाणी पाठवायला लागली, ते जयंतराव मुकाट्याने तुळशीत ओतायचे. तुळस वाळली. मदत करणारी माणसं किती दमवू शकतात हे मी त्या दोन-तीन महिन्यांत पाहिलं. वसुधा फोन वाजला की खुर्चीत बसून घ्यायची, मगच उचलायची.

त्याच सुमारास जयंतरावांनी बाल्कनीला जाळी बसवून घेतली. खालपासून वरपर्यंत, पक्की. "कबुतरांचा फार त्रास," म्हणाले. कबुतरं आमच्या बाजूला येत, त्यांच्या बाजूला मी कधी पाहिली नव्हती. पण माणूस स्वतःच्या बाल्कनीला स्वतःच्या पैशाने जाळी लावतोय, त्यात आपण काय बोलणार? स्मिताने तर जाळीवाल्याचा नंबरच मागून घेतला आणि आपल्याकडेही लावून घेतली.

एप्रिलमध्ये ऋताचा धीर संपला. "रक्त तपासून आकडे सांगा, नाहीतर मी सुई घेऊन घरी येते," असं तिने वसुधाला बजावलं. ऋता बोलते तसं करते. वसुधा घाबरली, आणि तिने जे केलं ते फक्त आमच्या वसुधालाच सुचू शकतं. ती बाजारातल्या लॅबमध्ये गेली आणि स्वतःचं रक्त देऊन आली. हिशोब साधा होता. आपल्याला तर काही झालेलं नाही, आकडे चांगलेच येणार. ते मुलाचे म्हणून ऋताला वाचून दाखवायचे, की ती म्हणेल, छान, आटोक्यात आलं, आणि गप्प बसेल.

फोन तिने माझ्या स्वयंपाकघरातून लावला. घरून लावला तर मुलाला ऐकू जाईल म्हणून. मी भाजी निवडत होते. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि चष्मा चढवून आकडे वाचले.

"पुन्हा वाचा," ऋता म्हणाली.

वसुधाने पुन्हा वाचले.

"वसुधाताई, अंशुमन शुद्धीवर आहे ना?"

"आहे ना बापा. झोपून आहे."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून."

"अहो, काय बोलताय! हा आकडा पाचाच्या आत हवा, शंभराच्या वर आहे. आत्ताच्या आत्ता घेऊन या त्याला. मी खाली सांगून ठेवते. आजपासून औषध सुरू करायचं, आणि हृदयाचं बघून मगच डोस ठरवू."

फोन बंद झाला. वसुधा खुर्चीत तशीच बसून राहिली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "उल्काताई, गाडी काढता का? मी एकटीच येते. त्याला नाही आणत."

गाडीत बसल्यावर तिने सगळं सांगितलं. चंदीगडचे रस्ते रुंद, दुतर्फा झाडं असलेले, दर थोड्या अंतरावर गोल चौक. एका चौकाला मी उगाच दुसरी फेरी मारली, कारण तिचं बोलणं संपायच्या आत इस्पितळ यायला नको होतं.

अंशुमनला मुलगे आवडतात. गुरुग्रामला त्याचा एक मित्र होता, नवतेज. दोघं एकत्र राहायचे. नवतेजच्या घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं आणि तो बोहल्यावर उभा राहिला. लग्न इथे जवळच पंचकुल्याला झालं. अंशुमन गेला, वरातीत नाचलासुद्धा. परत गेल्यावर त्याचं खाणं सुटलं, मग ऑफिस सुटलं. बरोबर काम करणाऱ्या एका मुलीला त्याच्या कपाटात झोपेच्या गोळ्यांचा साठा सापडला आणि तिने जयंतरावांना फोन केला.

"येताना ढाब्यावर थांबलो," वसुधा सांगत होती. "पराठे मागवले. ह्यानं पराठ्याला हात नाही लावला. म्हणाला, पापा, मुझे लड़के पसंद हैं. एवढंच. आणि हे काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, पराठा थंड होऊन राहिला, खा."

"आणि तू?"

"मी काय म्हणणार माय? मी चहाकडं पाहत बसले. साय धरली होती त्याच्यावर."

मग जाळी कशासाठी तेही कळलं. घरातल्या गोळ्या जयंतरावांच्या ऑफिसच्या कपाटात असतात तेही कळलं. मोहालीच्या एरोसिटीतल्या कुणा खाजगी समुपदेशकाकडे गुपचूप नेलं होतं, त्याने मुलाला बाहेर बसवून आईबापांना सांगितलं, लग्न करून द्या, ठीक होईल. अंशुमनने ते दाराआडून ऐकलं आणि त्यानंतर तो डॉक्टर हा शब्द काढला तरी भिंतीकडे तोंड करायचा. आणि शहरातलं सगळ्यात मोठं इस्पितळ घरापासून हाकेवर असून तिथे नेता येत नव्हतं. का, तर मानसोपचाराच्या दाराशी आपल्या मंडळातलं कुणीतरी भेटेल. चार महिने ती दोघं पाळीपाळीने जागत होती. मला तिचा राग आला, मंडळाचा आला, आणि गाडी लावताना खरं सांगायचं तर नुसतं रडू आलं.

ऋता दारातच उभी होती. "मुलगा कुठाय?"

"ते रक्त माझं आहे," वसुधा म्हणाली.

ऋताने तिच्याकडे पाहिलं. म्हणजे पहिल्यांदाच नीट पाहिलं. सुजलेला चेहरा, शाल, घोगरा आवाज. तिने वसुधाचा हात हातात घेतला, नाडी पाहिली, घोट्याजवळ बोट दाबून पाहिलं. "हळदीकुंकवाला माझ्या समोर बसला होतात," ती म्हणाली. "आणि मी मुलाचं विचारत होते." मग तिचा आवाज चढला. "औषध त्याला सुरू केलं असतं ना मी! कळतंय का तुम्हाला?"

"म्हणून तर आले."

"मग त्याला काय झालंय?"

वसुधाने सांगितलं. पहिल्यांदा सांगताना गाडीत शब्द अडखळले होते, आता ते दमलेल्या माणसासारखे सरळ आले. ऋता ऐकत होती आणि एकीकडे वसुधाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होती.

"मुलगे आवडतात हा काही आजार नाही," ऋता म्हणाली. "जेवत नाही, झोपत नाही, गोळ्या साठवतो, हा आजार आहे. आणि त्यावर इथेच, दोन मजले वर, उपचार होतात. का नाही आणलंत?"

"इथं सगळी आपली माणसं फिरून राहतात ना."

"आपली माणसं आहेत म्हणूनच आणायचं असतं की नाही?" ऋता म्हणाली, आणि तिने तिथूनच मानसोपचार विभागातल्या डॉक्टर नयनांना फोन लावला.

अंशुमन इस्पितळात आला, पण स्वतःसाठी नाही. जयंतरावांनी त्याच्या दाराशी उभं राहून सांगितलं, "तुझ्या आईला बरं नाही. दवाखान्यात नेतोय. चल." आईचं नाव ऐकून तो उठला. वरच्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये व्हायचं तेच झालं. मंडळाचे खजिनदार विनायकराव रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आले होते. "जयंतराव, इकडे कुठे?"

"मुलाला दाखवायला," जयंतराव म्हणाले आणि आत गेले. ते असं म्हणाले हे वसुधाने मला इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ झालं.

आता यानंतर सगळं झटक्यात सुरळीत झालं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने घरात असा आजार पाहिलेला नाही. पहिल्या औषधाने अंशुमन आणखी झोपायला लागला, ते बदललं. दुसऱ्याने हात थरथरायचे. दोन पावलं पुढे आला की आठवडाभर पुन्हा दार बंद. जयंतरावांनी नयनांना विचारलं, "हे जाईल ना?" त्या म्हणाल्या, "उदासी जाईल. दुसरं जे तुम्ही विचारताय ते जाणार नाही, आणि जायची गरजही नाही." त्यानंतर कितीतरी दिवस जयंतराव ताट घेऊन टीव्हीसमोर एकटे जेवत. टीव्ही बंद असायचा.

वसुधाची वेगळीच तऱ्हा. थायरॉईडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही नाही. चहासुद्धा नाही. वसुधाचे डोळे उघडायच्या आधी हात गॅसकडे जातात. ती गोळी विसरायची, चहा प्यायची, मग आठवायचं. तपासणीला आकडा जिथल्या तिथे. ऋता ओरडली, आणि ते अंशुमनने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधा स्वयंपाकघरात गेली तर मुलगा गॅससमोर स्टूल टाकून बसलेला. दाढी वाढलेली, डोळे अर्धे मिटलेले, हातात पाण्याचा पेला.

"पहले गोळी."

"अरे, घोटभर घेते ना."

"आई, यार. पहले गोळी. मैं यहाँ से नहीं उठूँगा."

डिसेंबरपासून हा मुलगा पहिल्यांदाच कशासाठी तरी आपणहून उठला होता. वसुधाने गोळी घेतली. मग ती दोघं चहाची वाट पाहत बसली. अर्धा तास काहीच करता येत नाही, आणि चहाशिवाय मराठी माणसाला गप्पही बसवत नाही.

पहिले काही दिवस ती घड्याळाला शिव्या द्यायची. मग विचारायला लागली. तुला कधी कळलं? भोपाळला बदली होती तेव्हा, शाळेत, तो म्हणाला. मग मला का नाही सांगितलंस? तेव्हा तो हातातल्या पेल्याकडे पाहत राहिला, पण स्टुलावरून उठून गेला नाही. तिचे प्रश्न माझ्या कानावर आले की मी कपाळाला हात लावायची. एकदा तिने विचारलं, "तुम्हा दोघांत स्वयंपाक कोण करायचं?"

"ऑनलाइन मँगाते थे."

"म्हणूनच," वसुधा म्हणाली. तिच्या मते ते नातं तुटायला तेवढं कारण पुरेसं होतं. तेव्हा तो हसला. ती मला सांगायला धावत आली, म्हणजे तिच्या मानाने धावत, आणि दारात धापा टाकत म्हणाली, "हसला ना तो. आवाज करून हसला." आणि शालीत तोंड खुपसून रडली.

जयंतरावांचा मार्ग निराळा. ते रविवारी शहराबाहेर मुल्लानपूरकडे भाजी आणायला जातात. तिथे टॉवर उभे राहताहेत, पण अधेमधे अजून शेतं आहेत आणि बांधावर ताजी भाजी मिळते. पावसाळ्यात ते अंशुमनला बरोबर न्यायला लागले. जाताना गप्प, येताना गप्प, मागच्या सीटवर दोडकी. मग एका रविवारी गाडी चालवता चालवता ते म्हणाले, "त्या मुलाचं नाव काय होतं?"

"नवतेज."

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "त्याच्या लग्नाला गेला होतास ना? जेवला होतास का तिथे?"

"नहीं, पापा."

जयंतरावांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. अंशुमनला वाटलं, भाजी घ्यायची असेल. पण तिथे भाजीवाला नव्हता. ते स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले, आणि मग म्हणाले, "उपाशी नाचलास." त्या दिवसापासून ते टीव्हीसमोर जेवत नाहीत.

गणपती जवळ आले तसा वसुधाला घोर लागला. इतके महिने टाळलेला प्रश्न आता सगळ्या मंडळासमोर येणार होता. तिने चहाआधीच्या अर्ध्या तासात त्यालाच विचारलं, "तुझं विचारलं तर काय सांगू?"

"जो मन करे."

"मी नाही सांगणार. ते तुझं आहे. पण थायरॉईडही नाही सांगणार आता. दमले मी खोटं बोलून. गप्प बसीन."

"ठीक है," तो म्हणाला.

मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो. आरती झाली. प्रसादाला शिरा होता. अंशुमन आला होता, बारीक झालेला, कुर्ता अंगावर लोंबत होता. त्याने आपणहून वाटायला पातेलं उचललं. जयंतराव मागे पाण्याचा जग घेऊन फिरत होते. मी आणि वसुधा भिंतीला टेकून उभ्या, आणि स्मिता आमच्या समोर येऊन ठाकली. तिच्याबरोबर आणखी चारजणी होत्या.

"किती छान वाटलं गं याला पाहून!" स्मिता म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नसतं, तोच तर त्रास आहे. "आता थायरॉईड आटोक्यात आलेलं दिसतंय. मग वल्लरीचं विचारू का? मुलगी मोहालीतच आहे, शोभेल अगदी. आता काय अडचण आहे?"

वसुधा गप्प बसली. ठरवल्याप्रमाणे. मी तिच्या शेजारी होते, तिचा हात माझ्या हाताला लागत होता आणि तो थंड पडला होता. स्मिता वाट पाहत होती. बाकीच्या चौघी वाट पाहत होत्या. ती शांतता इतकी लांबली की मलाच काहीतरी बोलून ती मोडावीशी वाटली, पण मी जीभ आवरली. ती तिची शांतता होती, आणि ती तिने मोठ्या कष्टाने धरली होती.

अंशुमन पातेलं घेऊन आमच्यापर्यंत पोचला होता. त्याने आधी आईकडे पाहिलं. मग स्मिताच्या द्रोणात डावभर शिरा वाढला. हा मुलगा जन्मभर हिंदी मुलखात वाढलेला, मराठी समजतो पण उत्तर हिंदीत देतो. त्या दिवशी मात्र तो जुळवून जुळवून मराठीत बोलला.

"काकू, थायरॉईड आईला आहे. मी गे आहे."

स्मिताचा द्रोण हातात तसाच राहिला. अंशुमनला पुढे जायचं की मागे हे कळेना. तेवढ्यात जयंतराव जग घेऊन त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. हा माणूस चारचौघांत दोन वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही.

"स्मितावहिनी," ते म्हणाले, "ती जाळी कबुतरांसाठी नव्हती."

स्मिताला कळायला एक क्षण लागला. मग तिने द्रोण भिंतीशी खाली ठेवला, पदर तोंडाशी नेला आणि तिचे डोळे भरून आले. तिच्या बाल्कनीला अजूनही तशीच जाळी आहे.

"आता मी बसते बापा," वसुधा म्हणाली. "उभी राहून राहून पाय गळून गेले." अंशुमनने पातेलं बापाच्या हातात दिलं आणि आईसाठी खुर्ची आणायला गेला.